कंसातली ओळ

बोरी अरबच्या बाजारात राखी राठोड मेथीच्या जुड्या निवडत होती, तेवढ्यात भाजीवाल्या सोनीबाईनं तिच्यापुढं मोबाईल धरला.

"पाह्य वं राखी, तुही याडी त फेमस झाली! सकाळपासून जो येते तो मले हेच दाखवून राह्यला."

मोबाईलवर राखीची आई होती. सुखीबाई बाजेवर बसलेली, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा नवा चष्मा, हातात सुई. मोतीबिंदूनं तिचं भरतकाम कधीचं बंद पाडलं होतं. तांड्यातल्या बाया आरसे-कवड्या टाचत बसल्या की ती नुसती बाजूला बसून रंग सांगायची. रीलमध्ये तिनं दोरा जिभेवर ओला केला, सुई उजेडाकडं धरली आणि एका झटक्यात दोरा आरपार काढला. "याडी, दिसलं काय?" असा बादलचा, राखीच्या धाकट्या भावाचा, मागून आवाज आला. "दिसलं रे बापा, समदं दिसलं!" म्हणत याडी तोंडाला पदर लावून लहान पोरीसारखी हसत सुटली.

राखीला हसू आलं आणि डोळेही भरून आले. रील संपून आपोआप पुन्हा सुरू झाली. आता तिची नजर आईच्या खांद्यामागं गेली, आणि हातातली मेथी सोनीबाईच्या ढिगावर परत पडली.

आईमागं, खिडकीजवळच्या टेबलावर, राखीचा ऑफिसचा लॅपटॉप उघडा होता.

"काय झालं वं? तोंड काहून उतरलं तुहं?" सोनीबाईनं विचारलं.

"काई नाही, मावशी. भाजी राहू दे, मी येतो मंग." एवढं बोलून ती रस्त्याकडं निघालीसुद्धा. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून तिनं स्वतःच्या मोबाईलवर ती रील शोधली, थांबवली आणि दोन बोटांनी मोठी केली. चित्र फाटलं, पण फार नाही. बादलनं मोबाईल नवा घेतला होता, त्याचा कॅमेरा चांगला होता. लॅपटॉपवर एका गोल कडीची उभी कापून दाखवलेली आकृती होती, तिच्या खाचांशेजारी आकडे होते. त्यांतले काही धूसर होते, काही सरळ वाचता येत होते. आकृतीखाली एक ओळ होती आणि त्या ओळीवर राखीनं स्वतःच्या हातानं पिवळा रंग फिरवला होता. त्या पिवळ्या रंगामुळंच ती सगळ्यांत आधी डोळ्यात भरत होती.

राखी नागपूरच्या एका तपासणी संस्थेत अभियंता होती. अणुवीज प्रकल्पासाठी कोणी परवाना मागितला की त्याची तांत्रिक कागदपत्रं नियामकांच्या वतीनं ही संस्था तपासून द्यायची. सध्या तिच्याकडं एका कंपनीच्या छोट्या अणुभट्टीची फाईल होती. अशा कामात कंपनी प्रत्येक अहवालाच्या दोन प्रती देते. एक पूर्ण, ती फक्त तपासणाऱ्यांनी बघायची. दुसरी लोकांसाठी. तीत जिथं व्यापारी गुपित असेल तिथं चौकोनी कंस असतो आणि कंसात नुसती पांढरी जागा. जागा पांढरी का ठेवायची हे कंपनीनं शपथपत्रावर सांगायचं आणि ते कारण पटण्यासारखं आहे की नाही हे राखीनं ठरवायचं, असं तिचं काम.

ती कडी म्हणजे पंपाचं सील. अणुभट्टीत पाणी खेळवणाऱ्या पंपाच्या दांड्याभोवती ते बसतं. सगळीकडची वीज गेली तर त्याला थंड ठेवणारं पाणी थांबतं, ते तापत जातं, आणि ते किती वेळ दम धरतं यावर पुढचं बरंच काही ठरतं. कंपनीच्या माणसांनी वर्षानुवर्षं खपून त्याची खाच नव्या तऱ्हेनं कापली होती. ते आकडे दुसऱ्या कोणाच्या हाती लागले तर त्यांची सगळी मेहनत फुकट जाणार, हे राखीला मान्य होतं. तसल्या कंसांना तिनं काहीच आक्षेप घेतला नव्हता. पण एका कंसात आकड्यांच्या आडून कंपनीनं एक साधं वाक्यही झाकलं होतं. एका चाचणीत सील अपेक्षेपेक्षा लवकर गळू लागलं, एवढंच ते वाक्य, आणि पुढं किती वेळात गळलं तो आकडा. कसं कापलं हे गुपित असेल, पण गळलं हे गुपित कसं, असा राखीचा सवाल होता. तिनं त्यावर हरकतीचा मसुदाही लिहून ठेवला होता. परवा तो वरिष्ठांकडं जाणार होता.

आणि पिवळी ओळ नेमकी तीच होती.

आईच्या ऑपरेशनसाठी तिला रजा हवी होती, कामाची मुदत जवळ आलेली. म्हणून ऑफिसनं लॅपटॉप घरी न्यायला परवानगी दिली होती. अटी साध्या होत्या. काम बंद खोलीत करायचं आणि जागेवरून उठताना लॅपटॉपचा पडदा कुलूपबंद करायचा. तिनं त्यावर सही केली होती. काल दुपारी बकरी तुरीत शिरली म्हणून बापूंनी शेतातून ओरडून हाक मारली आणि ती तशीच उठून पळाली. बकरी हाकलून परत येईपर्यंत किती वेळ गेला असेल? तेवढ्यात याडीला सुई आठवली होती आणि बादलला याडी.

कोणी म्हणणार नाही की चूक झाली. सगळे म्हणतील, हिला ते वाक्य बाहेर काढायचंच होतं. हरकत तयार, वाक्यावर पिवळा रंग, आणि भावाचा मोबाईल. राखीनं मनातल्या मनात कंपनीच्या वकिलाच्या जागी बसून पाहिलं, तर तिला स्वतःलाच आपला भरवसा वाटेना.

तिनं बादलला फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला, पुन्हा बंद. मग बापूंना लावला. उत्तमसिंग राठोड एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आता कापसात रमलेले. मागं वेचणीच्या बायांचा गलका ऐकू येत होता.

"बापू, बादल कोठी हाय?"

"दारव्ह्याले गेला ना. बायांच्या भरतकामाच्या पिशव्या कुरिअर करतो म्हणे. तुह्या याडीच्या त्या पिक्चरनं ऑर्डरी येऊन राह्यल्या, पोरगा भल्ला खूश हाय. काहून?"

"त्याचा फोन बंद हाय."

"चार्जिंग नसंन. दिवसभर तेच त पाहत राह्यते."

राखी दारव्ह्याच्या ऑटोत बसली. ऑटो भरल्याशिवाय निघणार नव्हता आणि भरत नव्हता. शेजारी कॉलेजच्या दोघी पोरी बसल्या होत्या, त्यांतली एक मोबाईलवर बोट सरकवत होती. मध्येच "दिसलं रे बापा, समदं दिसलं!" असा याडीचा आवाज ऑटोत घुमला. पोरी हसल्या. "किती गोड हाय ना ही आजी," एक म्हणाली. राखीनं ओढणी पुढं ओढली. आपलं तोंड याडीसारखं आहे हे तिला आयुष्यात पहिल्यांदा ओझ्यासारखं वाटलं.

वाटेत तिनं रीलखालच्या कमेंट उघडल्या. बहुतेक ठिकाणी जोडलेले हात, लाल बदाम, "माझी आजी आठवली". मध्येच कोणीतरी लिहिलं होतं, "मागं काय रॉकेट बनवून राह्यले का भाऊ?" त्याखाली हसणारी तोंडं. आणखी कोणी, "टायर असंन." तिला जरा हायसं वाटलं. कोणाला काय कळतंय यातलं? मग तिला वाटलं, ज्याला कळेल तो कमेंट कशाला टाकेल? तो गुपचूप चित्र उतरवून घेईल.

बादल तिला कुरिअरच्या दुकानातच सापडला. मोबाईल काउंटरवर चार्जिंगला, स्वतः गोणपाटाच्या पार्सलांवर पत्ते चिकटवत बसलेला. बहिणीला पाहून त्याचा चेहरा फुलला.

"बाई! पाह्यलं काय? पुण्याहून, हैदराबादहून लोक विचारून राह्यले. भीमसिंग काका म्हणे, आपल्या तांड्याचं नाव इतलं कधीच नाही झालं."

"बाहेर चाल."

दुकानामागच्या कडुनिंबाखाली तिनं त्याला थांबवलेलं चित्र दाखवलं. बादल बराच वेळ बघत राहिला. त्याला आधी काही दिसलंच नाही, मग दिसलं, पण त्याचं काय हे कळेना.

"हे कोणाचं सीक्रेट हाय काय?"

"हाव. मह्या भरोशावर ठेवलेलं."

"आईशप्पथ, मले काय माहीत बाई! मी याडीलेच पाहून राह्यलो होतो." त्याचा आवाज चिरकला. "मंग डिलीट करतो. आत्ताच्या आत्ता."

तो आत धावू लागला. राखीनं त्याचा दंड धरला. "थांब. आधी मले सांगू दे ऑफिसात. काय गेलं, किती वेळ होतं, किती जणांनी पाह्यलं, त्याची नोंद ठेवा लागते. पुसून टाकलं त लपवलं असं होईन."

"सांगू दे म्हणजे?" बादल थबकला. "तू स्वतःहून सांगशीन? बाई, कोणाले बी समजलं नाही आजून. डिलीट केलं की संपलं. तुही नोकरी जाईन ना!"

खरं तर ऑटोत बसल्यापासून तीही याच वाक्याभोवती फिरत होती. रात्रीतून व्हायरल झालेलं सकाळी मरतं. लोक उद्या दुसरी आजी बघतील. परवा तिनं हरकत पाठवायची, ती मंजूर झाली तर वाक्य रीतसर बाहेर येईल आणि या रीलची आठवणसुद्धा कोणाला राहणार नाही. याडीचं ऑपरेशन, तांड्याचं कौतुक, सगळं जसंच्या तसं राहील. फक्त गप्प राहायचं.

बादलनं आतून मोबाईल आणून सुरू केला. तो सुरू होताच टणटण वाजत राहिला. तो खाली बघत एकेक निरोप सरकवत होता, आणि एका ठिकाणी थांबला.

"बाई, हे पाह्य."

निरोप एका अनोळखी बाईचा होता. तिनं लिहिलं होतं: मी ममता. मुकुटबनजवळ आमचं शेत आहे. अणुवीज प्रकल्पाची जागा आमच्या शिवारालगत येणार म्हणतात. तुमच्या व्हिडिओत मागे जी पिवळी ओळ आहे ती मी वाचली. आम्हाला जो अहवाल मिळाला त्यात त्या जागी कोरा कंस आहे. तुमच्या घरात कोण काम करतं ते मी विचारत नाही. पण ते पान पूर्ण पाठवा. आम्हाला कोणी काही सांगत नाही.

राखी कडुनिंबाच्या बुंध्याला टेकली. फाईलमध्ये जागेचं नाव तिनं कितीदा वाचलं असेल, पण त्या नावात ममता नावाची कोणी राहत असेल असं तिच्या मनात आलं नव्हतं. ही बाई कोरा कंस घेऊन बसली होती. गावात चार जणांना विचारत फिरली असेल, आणि शेवटी कोणाच्या तरी आजीच्या रीलमध्ये तिला उत्तर सापडलं होतं. राखीला तिचं बरोबर वाटत होतं. हरकतीच्या मसुद्यात राखीनं वेगळ्या शब्दांत हेच तर लिहिलं होतं.

"पाठवू काय?" बादलनं हळूच विचारलं. "ते बाई काही चुकीचं नाही म्हणून राह्यली."

"नाही."

"काहून? तूच म्हणते ना लोकायले समजलं पायजे?"

"त्या पानावर त्या ओळीसंगं खाचेचे आकडे हायेत, बादल. ते कंपनीचे हायेत, ते खरंच त्यायचं हाय. मी ते दिले त मी चोर. आणि मंग ती ओळ बी चोरीची. कोर्टात उद्या कंपनी म्हणीन, हे चोरीचं हाय, हे कोणी वाचू नका. ममताबाईच्या हातात काईच नाही राहणार." तिनं थांबवलेलं चित्र पुन्हा त्याच्यापुढं धरलं. "आणि मी गप राह्यली, आणि या बाईनं उद्या हे चित्र घेऊन कोठी दाखोलं, त मी लपवलं हे बी निघीन."

बादलनं मान खाली घातली. "मंग काय करते?"

"मी फोन करतो."

दारव्ह्याच्या बसस्टँडमागं जरा शांत जागा होती, तिथं जाऊन तिनं संगीता मॅडमना फोन लावला. संगीता मॅडम तिच्या विभागप्रमुख, शिस्तीच्या, कमी बोलणाऱ्या. राखीनं सगळं सलग सांगितलं. बकरीपासून ममतापर्यंत. मध्ये कुठं थांबलं तर पुढचं सांगण्याची हिंमत राहणार नाही अशी तिला भीती वाटत होती. पिवळ्या ओळीचंही सांगितलं. मॅडम मध्ये एका शब्दानं बोलल्या नाहीत. राखीला वाटलं फोन कट झाला.

"मॅडम?"

"ऐकतेय. हरकत पाठवलीस?"

"नाही. मसुदा तयार आहे. आता पाठवू का?"

"अजिबात नको. आता पाठवलीस तर लोक म्हणतील, आधी फोडलं आणि मग कागद रंगवला. मसुदा आपल्या सिस्टिमवर आहे ना?"

"हो. गेल्या आठवड्यापासून."

"मग त्याची तारीख तिथंच आहे. हात लावू नकोस. रीलची नोंद घे, भावाला ती काढायला सांग. त्या बाईंना उत्तर देऊ नकोस, निरोपही पुसू नकोस. लॅपटॉप बंद करून ठेव. आम्ही येतो." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "राखी, या फाईलवर तू आता नाहीस. हे तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"ठीक आहे. घरी जा. घरच्यांना घाबरवू नकोस."

पण घाबरवायला तिला काही करावंच लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरी गाडी तांड्यात शिरली तेव्हा वेचणीला निघालेल्या बाया पाट्या घेऊन तिथंच उभ्या राहिल्या. गाडीतून संगीता मॅडम उतरल्या आणि सोबत सुरक्षा विभागाचा एक गृहस्थ. बापूंनी एसटीतला खाकी शर्ट अंगात घातला होता, कोणी साहेब आला की ते अजून तोच घालत. त्यांनी राखीला कोपऱ्यात घेतलं.

"पोलीस हाय काय?"

"नाही बापू. आमच्याच ऑफिसचे हायेत."

"मंग हा माणूस खोलीचे फोटो कायले काढून राह्यला?" त्यांनी गाडीकडं नजर टाकली. "मी तुले रात्रीच म्हतलं होतं, गप राह्य. इतल्या मोठ्या दुनियेत कोण पाहते ते?"

"एका बाईनं पाह्यलं, बापू."

बापू मागं सरले. दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले, जणू घर कोणी उचलून नेईल.

सुरक्षेच्या गृहस्थांनी टेबल, खिडकी, बाज यांच्यातलं अंतर पाहिलं, लॅपटॉप पिशवीत घालून पिशवीला सील केलं, बादलचा जबाब घेतला. तो थोडा अडखळला, पण खरं तेच बोलला. मग ते सुखीबाईंकडं वळले आणि जरा अवघडून म्हणाले, "आजी, तुम्हाला मागे काय होतं ते दिसलं का?"

"मले?" याडीनं चष्मा सावरला. "मी त दोराच पाहत होती, साहेब. किती दिसानं पाह्यला." आणि मग राखीकडं वळून तिनं गोर बोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत, विचारलं, मी हसली म्हणून हे झालं का?

राखीला तिथं उभं राहवेना. ती आईजवळ बसली, तिचा हात हातात घेतला आणि नाही म्हणून मान हलवली. संगीता मॅडमना बोली कळत नव्हती, पण त्यांनी तोंड दुसरीकडं वळवलं.

रील काढली गेली होती. बादलनं ती काढली तेव्हा तिच्याखाली आलेल्या ऑर्डरीही गेल्या, कारण लोक तिथूनच त्याला गाठत होते. बायांनी त्याला काही बोल लावला नाही, पण आरसे टाचताना त्या पूर्वीसारख्या त्याची थट्टाही करेनात. तो दुपारभर शेतात कापूस वेचत राहिला आणि राखीशी बोलला नाही. नागपूरला निघताना तिची बॅग मात्र त्यानंच बसस्टँडपर्यंत नेली.

पुढचे महिने राखीनं भीतीतच काढले. चौकशी समितीपुढं ती तीनदा बसली. कंपनीनं लिहून दिलं की ही माहिती हेतुपुरस्सर फोडली गेली, आणि ज्या व्यक्तीनं ती फोडली तिचा मसुदा निव्वळ द्वेषापोटी लिहिलेला असल्यानं फाईलमधून काढून टाकावा. राखीनं ते पत्र वाचलं तेव्हा तिला राग आला नाही, कारण कंपनीच्या जागी ती असती तर तिनंही असंच लिहिलं असतं. कॅन्टीनमध्ये लोक तिच्या टेबलाशी बसायचे, पण कामाचं बोलणं निघालं की विषय बदलायचे. तिला प्रशिक्षणाची जुनी पुस्तकं तपासायला बसवलं होतं. पाणी प्यायला उठली तरी ती दोनदा मागं वळून आपला पडदा बघायची.

समितीनं मसुद्याची तारीख पाहिली. तो रीलच्या आधी लिहिला होता आणि त्यात खाचेचे आकडे झाकून ठेवावेत असं राखीनं स्वतःच स्पष्ट लिहिलं होतं. ज्याला फोडायचं असतं तो असं कशाला लिहील, असं समितीच्या अध्यक्षांनी विचारलं आणि कंपनीच्या वकिलानं त्यावर कागद चाळले. शेवटी निकाल लागला. हेतू नव्हता, पण निष्काळजीपणा होता. राखीची पदोन्नती थांबली, घरी काम न्यायची परवानगी सगळ्यांचीच बंद झाली. त्यामुळं ज्यांची पोरं लहान होती त्या सहकाऱ्यांनी तिच्याकडं काही दिवस वाकड्या नजरेनं पाहिलं. ते तिला निकालापेक्षा जास्त झोंबलं.

फाईल अर्पिताकडं गेली. अर्पिता तिच्याच वयाची, तिच्याशी कधी फार न बोललेली. कंसांवर नवी व्यक्ती नव्यानं मत देणार होती, राखीचा मसुदा तिनं वाचायचाही नाही असं ठरलं होतं. राखीनं तिला काही विचारायचं नव्हतं आणि तिनं राखीला काही सांगायचं नव्हतं. दोघी जिन्यात समोरासमोर आल्या की नुसत्या हसायच्या. अर्पिताला तेच वाक्य खटकेल की नाही, हे कळायला काहीच मार्ग नव्हता. कधी राखीला वाटायचं, तिला खटकणारच, कोणालाही खटकेल. कधी वाटायचं, एवढं सगळं झाल्यावर कोण धाडस करेल?

उन्हाळ्याच्या तोंडावर बादलचा फोन आला. राखी ऑफिसच्या बाहेरच्या पायऱ्यांवर डबा खात होती.

"बाई, मी मारेगावले हाय. आज त्या प्रकल्पाची जनसुनावणी होती ना, मी आलतो."

"तू कायले गेलता?" ती घाबरून उभीच राहिली. "कोणी पाह्यलं तुले त?"

"मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. कोणाले बोललो नाही. मले पाह्याचं होतं फक्त." त्याच्या मागं माईकची खरखर, गर्दीचा आवाज येत होता. "ऐक ना. त्यायनं अहवालाची नवी प्रत वाटली. एक बाई उठली. साधी बाई, डोक्यावर पदर. तिनं नाव सांगतलं, ममता. तिनं ते पान काढलं आणि वाचून दाखोलं. एका चाचणीत सील अपेक्षेपेक्षा लवकर गळू लागले. छापलेलं हाय बाई! कंसात नाही. पुढं किती वेळात गळलं ते कोरंच हाय, आणि त्या आकृतीची जागा बी कोरी."

राखी पुन्हा पायरीवर बसली. अर्पितानं उघडलं होतं. अर्धं उघडलं होतं. वेळ उघडायला हवी होती की नाही यावर तिचं स्वतःचं मत वेगळं होतं, मसुद्यात तिनं तीही उघडावी असंच लिहिलं होतं. पण ते आता तिचं काम नव्हतं.

"मंग?" तिनं विचारलं.

"मंग त्या बाईनं विचारलं, लवकर म्हणजे किती लवकर? आमी गावातून निघाले लागलो त तितका टाइम भेटीन काय? सगळे चिडीचूप. साहेब एकमेकायच्या कानात बोलले. मंग म्हणे, याचं लेखी उत्तर देऊ."

"ती बसली?"

"नाही ना! उभीच हाय आजून. म्हणते, लेखी कधी देता ते सांगा, मंग बसतो." बादल हसला. कित्येक महिन्यांनी त्याचं हसू तिच्या कानावर पडलं. "थांब, माईक हिसकून राह्यले तिचा... नाही, ठेवला. बोलू देऊन राह्यले. मी ठेवतो, मले ऐकू दे."

फोन बंद झाला. राखीनं डब्यातली भाकरी हातात धरली होती, पण ती खायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. बाहेर रस्त्यावरून नागपूरची दुपारची गर्दी चालली होती आणि ती मारेगावच्या त्या मंडपात, माईकपुढं उभ्या असलेल्या बाईला उत्तराची तारीख मिळाली की नाही, याची वाट बघत बसली.